हिंगणखडीचा ठसा

हिंगणखडीच्या अग्निशमन केंद्रात आगीपेक्षा पाण्याचीच काळजी जास्त घेतात, असं गावातले टवाळ म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. माळावर इंधनाचा मोठा डेपो होता म्हणून सरकारने इथं केंद्र बांधलं. पुढे मोटारी विजेवर धावू लागल्या, डेपोतल्या टाक्या एकेक करून रिकाम्या पडल्या, पण केंद्र काही हललं नाही. सरकारी गोष्ट एकदा बसली की तिला उठवायला दुसरं सरकार यावं लागतं. वर्षाकाठी चार-दोन कडब्याच्या गंजी किंवा घरं पेटत, फाट्यावर एखादा टँकर उलटे, आणि उरलेला वेळ केंद्रप्रमुख रंगनाथराव देवकते आपल्या माणसांकडून सराव करून घेत.

सराव फेसाचा असे. पटांगणात लोखंडी काहिलीत तेल पेटवायचं आणि त्यावर फेस मारायचा. फेसाचा पातळ पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा तेलावर पसरतो, हवा तोडतो आणि आग गुदमरते. त्यासाठी लागणाऱ्या द्रवाची जुनी पिंपं केंद्रात पडून होती. वरून हुकूम आला होता की आगीवर यापुढे नवा फेस वापरा, जुना परत पाठवा. का, ते हुकमात लिहिलेलं नव्हतं. पिंपं न्यायला गाडी येणार होती, ती काही आली नाही. रंगनाथराव पडले दुष्काळी मुलखातले. चांगली वस्तू पडून वाया जाणं त्यांना बघवत नसे, म्हणून त्यांनी जुना फेस सरावाला लावला. अग्निशमन दिनाला गावची पोरं त्या फेसात मनसोक्त लोळत. सराव संपला की पटांगण धुतलेलं पाणी गटारात न सोडता एका मोठ्या शोषखड्ड्यात जाई. तो खड्डा रंगनाथरावांनी हौसेने खणून घेतला होता. त्याच्या उतारालाच केंद्राची विहीर. उन्हाळ्यात गावातल्या बोअरी फुसफुसायला लागल्या तरी या विहिरीचं पाणी आटत नसे, आणि आता तर निम्म्या गावाच्या नळांना तेच पाणी जोडलेलं होतं. पाणी जिरवल्याबद्दल जिल्ह्याच्या गावी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कारही झाला होता.

यंदा मात्र साहेबांचं मन सरावात नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी प्रणिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती.

यात विशेष काय, असं कुणी म्हणेल. विशेष हे की तीन वर्षांत ती या घरी आलेली नव्हती. तिने बार्शीच्या मिलिंद सोनवणेशी लग्न केलं. मुलगा शिकलेला, शांत, सौरपंपांच्या कंपनीत कामाला. पण जात वेगळी, आणि नुसती वेगळी नव्हे. रंगनाथरावांचे आजोबा ज्यांना ओंजळीत वरून पाणी घालत, त्यांच्यातला. रंगनाथराव स्वतःला जुन्या विचारांचे समजत नसत. भाषणाची वेळ आली की माणसं सगळी सारखी, असं ते अगदी मनापासून बोलत. पण ही वेळ भाषणाची नव्हती, घरच्या लेकीची होती, आणि तिथं त्यांचा विचार आटला. तीन वर्षं बापलेकीत अक्षर बोलणं नव्हतं. शेवटी छायाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माहेरच्या बाळंतपणाचा विषय काढला. पहिलटकरीण माहेरीच यायची, ही रीत काही बापाच्या रागाला विचारून पडलेली नव्हती. प्रणिता फोनवर बरं म्हणाली. दुसऱ्या दिवशी रंगनाथरावांनी मागच्या खोलीला स्वतःच्या हाताने रंग दिला. छायाबाईंना तेवढं पुरलं.

ती रविवारी यायची होती आणि त्याच आठवड्यात डॉ. यास्मिन मुजावर केंद्रावर आल्या. पस्तिशीच्या, पायात बूट, हातात शिलाई मशीनच्या पेटीएवढी राखाडी पेटी. त्या सरकारी प्रयोगशाळेत रसायनांचं काम करत.

"गावातल्या सगळ्या विहिरींचं पाणी तपासायचंय, देवकते साहेब. तुमच्यापासून सुरुवात करू का?"

"करा की. आमच्या विहिरीला नाव ठेवायला जागा न्हाई," रंगनाथराव म्हणाले, आणि पाहुण्या बाईंना पटांगणाकडेच असलेल्या आपल्या क्वार्टरवर चहाला घेऊन गेले.

छायाबाईंनी चहा ठेवता ठेवता पेटीत काय आहे ते विचारलं. यास्मिनने टाळाटाळ केली नाही. ती सांगू लागली ते थोडक्यात असं.

कार्बन आणि फ्लोरिन या दोन मूलद्रव्यांची गाठ रसायनशास्त्रातल्या सगळ्यात घट्ट गाठींपैकी. अशा गाठींची साखळी केली की एक अजब पदार्थ मिळतो. त्याला तेल चिकटत नाही, पाणी चिकटत नाही, आणि उष्णतेने तो सहजी मोडत नाही. म्हणून तो तव्यांवर गेला, रेनकोटांत गेला, आगीच्या फेसात गेला. पण जी गाठ विस्तवात टिकते ती मातीतही टिकते. ऊन, पाऊस, जिवाणू, कुणालाच ती सुटत नाही. असा पदार्थ पोटात गेला की रक्तातल्या प्रथिनांना धरून बसतो, आणि मूत्रपिंड त्याला बाहेर टाकायचं सोडून पुन्हा आत ओढून घेतं. निम्मा बाहेर पडायलाही वर्षं जातात. या पदार्थाचे भाऊबंद शेकड्यांनी. कारखाना बदलला की सरळ साखळ्या किती आणि फाटे फुटलेल्या किती, हे प्रमाण बदलतं. काळा मसाला घरोघरी असतो, तरी जाणती बाई चवीवरून कुणाच्या घरचा ते सांगते, तसंच हे. पूर्वी ही चव घ्यायला खोलीभर यंत्रं लागत. यास्मिनच्या पेटीत प्रयोगशाळेत घडवलेल्या प्रथिनांची एक चकती होती आणि चकतीवर एकेका साखळीच्या मापाचे बारीक खळगे. थेंब टाकला की कोणता खळगा किती भरला, ते पडद्यावर उभ्या रेघांनी दिसे. त्या रेघांच्या ओळीला सगळे ठसा म्हणू लागले होते.

"बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब घेतात ना, त्यात आता आम्ही हा ठसाही बघतो," यास्मिन म्हणाली. "एक ठसा आम्हाला लांबलांबच्या गावांत सापडला. लातूर, पुणे, विजापूर. सगळी पहिली मुलं. पाठच्या भावंडांत जवळजवळ काही नाही. आम्ही दुधाची पावडर तपासली, खेळणी तपासली, दवाखाने पालथे घातले. काही मेळ लागेना. मग माझी धाकटी बहीण बाळंतपणाला आमच्या घरी आली, दोन बॅगा घेऊन, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या सगळ्या आयांना फोन करून मी एकच विचारलं, माहेर कुठलं."

"आणि समद्या हिंगणखडीच्या?" छायाबाईंनी विचारलं.

"सगळ्या. वर्षानुवर्षं प्यालेलं आईच्या अंगात साठतं. मग ते पोटात असताना वारेतून बाळाकडे जातं आणि नंतर दुधातून. आईचं ओझं हलकं होतं, पहिल्या लेकराच्या अंगावर पडतं. दुसऱ्याच्या वाट्याला थोडंच उरतं. शिवाय दुसरं बाळंतपण बहुतेक सासरी. पहिलं मात्र इथं, याच पाण्यावर."

"त्यानं व्हतंय काय?"

"एकेका मुलाचं सांगता येत नाही, काकू. पुष्कळ मुलं एकत्र पाहिली की दिसतं. जन्मताना वजन कमी. लस टोचली तरी ती पुरती लागू पडत नाही. थायरॉइडची कुरबूर. एकदम काही होत नाही, म्हणून तर इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही."

छायाबाई कपाकडे बघत बसल्या. यास्मिनच्या ते ध्यानात आलं. "एका चहाने काही होत नाही. वर्षानुवर्षांच्या पिण्याने होतं," असं म्हणून तिने आपला कप संपवला.

मग तपासणी सुरू झाली. विहिरीच्या पाण्याचा थेंब टाकला आणि पडद्यावर रेघा उभ्या राहिल्या. छायाबाईंच्या कोंबड्यांची अंडी फोडली, गाईचं दूध घेतलं, त्यांतही त्याच रेघा, आणखी उंच. रंगनाथराव पाठीमागे हात बांधून बघत होते. यास्मिन म्हणाली, "हा फेसाचाच ठसा आहे, साहेब. आगीच्या फेसाचा."

"मग डेपोचा असंल," रंगनाथराव लगेच म्हणाले. त्यांना हायसं वाटलं होतं. "त्यांचा कारभार मी बघितलाय. आमच्याकडं जुन्या फेसाची पिंपं हायत, त्यातला थेंब ताडून बघा. म्हंजी आमचा न्हाई, हे तरी कागदावर येईल."

त्यांनी स्वतः पिंपाचं झाकण उघडून दिलं. थेंब चकतीवर पडला, आणि विहिरीच्या ठशावर पिंपाचा ठसा रेघेला रेघ लागून बसला. यंत्राने काही आवाज केला नाही की लाल दिवा लावला नाही.

"पण ह्यो फेस आम्ही विहिरीकडं कधी नेलासुद्धा न्हाई."

"सराव कुठे करता?"

"हितंच. पटांगणात."

"मग धुतलेलं पाणी जातं कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर रंगनाथरावांनी आजवर कितीतरी पाहुण्यांना दिलं होतं. शाळांच्या सहली, जिल्ह्याचे अधिकारी, एकदा तर टीव्हीवाले. उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असे. "एक थेंब वाया जात न्हाई," एवढं ते सवयीने बोलून गेले. यास्मिनने त्यांच्याकडे न बघता शोषखड्ड्याकडे बघितलं. खड्डा, उतार, विहीर. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. रंगनाथराव पिंपाच्या काठावर टेकले.

यास्मिनने त्यांचं रक्त घेतलं, त्यांच्या माणसांचंही घेतलं. रंगनाथरावांचा आकडा इतरांपेक्षा कमी निघाला, याचं तिला नवल वाटलं. "रक्तदान करता का?"

"दर अग्निशमन दिनाला. माझ्या केंद्रातल्या पोरांना सुईची भीती वाटती, मला न्हाई."

"तरीच. रक्ताबरोबर थोडं थोडं निघून जातं."

"म्हंजी ते कुणाच्या तरी अंगात गेलं."

"ज्यांना तुमचं रक्त मिळालं ते त्या दिवशी वाचले, साहेब. हे आधी लक्षात घ्या." तिने हे कोरडेपणाने सांगितलं नाही. आपल्या बापाच्या वयाच्या माणसाशी बोलावं तशी ती बोलली.

मग तिने कामाचं सांगितलं. विहीर बंद करायची आणि गावाला दुसरं पाणी द्यायचं तर पुरावा लागणार. त्यासाठी खड्डा उघडून वेगवेगळ्या खोलीची माती काढावी लागेल. जागा केंद्राची, त्यामुळे केंद्रप्रमुखाने होकार दिला तर उद्याच काम सुरू. नाहीतर परवानगी वरून आणायची, आणि वरून यायला दोन-तीन महिने कुठे गेले नाहीत.

"सांगतो," रंगनाथराव म्हणाले.

बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुपारी सरपंच सुरेखा पाटोळे स्कूटरवरून आल्या. बाई खमकी, गावासाठी जीव टाकणारी. "साहेब, पाणी बदलायचं तर बदलू, मी नाही म्हणत नाही. पण गावाचं नाव पेपरात येऊ देऊ नका. आमच्या पोरींची सोयरीक कोण करंल? आजवर पत्रिका बघत हुते, आता ठसा बघतील. थोडं दमानं घ्या. दोन-तीन महिने गेले तर काय आभाळ कोसळत न्हाई."

दोन-तीन महिने. रंगनाथराव हा हिशोब सकाळपासून स्वतःशीच करत होते. तेवढ्यात प्रणिता येईल, बाळंत होईल, सव्वा महिना राहून परत जाईल. मागच्या खोलीत पाळणा हलेल. मग काय उघडायचं ते उघडा. छायाबाई चुलीपाशी डिंक तळत होत्या. त्यांच्याही मनात तेच चाललं होतं.

"बार्शीवरनं पाण्याचे जार आणू," त्या म्हणाल्या. "अंडी नकोत, दूध डेअरीचं. विहिरीची मोटर बिघडली म्हणून सांगू. तिला कशाला काय बोलायचं? तीन वर्षांनी पोरगी दारात यायलीय. आता येऊ नको म्हणालात तर ती म्हणंल, बापानं पुन्यांदा दार लावलं. मग ती कवाच येत न्हाई, सांगून ठेवते."

हे खरं होतं, आणि रंगनाथरावांना ते छायाबाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं. प्रणिता त्यांच्यावर गेली होती. एकदा पाठ फिरवली की फिरवली.

ते उठून पटांगणात गेले. यास्मिन झाडाखाली बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत बसली होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलं, "समजा एखादी पहिलटकरीण हाय. हितं वाढलेली, पण आता हितं ऱ्हात न्हाई. तिला न सांगता नुसतं चांगलं पाणी दिलं, तर चालंल?"

यास्मिनने हातातली बाटली खाली ठेवली. "किती महिने झालेत?"

"आठवा लागलाय."

"पाणी, अंडी, दूध बदलून नवं जाणार नाही, ते चांगलंच. पण जुनं तिच्या अंगात आहेच, साहेब. तिचं रक्त तपासलं तर बाळंतपणाआधी तयारी करता येते. आता दुधाची गाळणी निघालीय. आईचं काढलेलं दूध त्यातून जातं, हे रसायन बरंचसं मागे राहतं आणि दुधाचं सत्त्व तसंच बाळाला मिळतं. अंगावर पाजणं बंद करा असं मी कुणालाच सांगणार नाही. पण गाळायचं की नाही, किती दिवस, हे आईने ठरवायचं असतं. आणि ठरवण्यासाठी तिला माहीत पाहिजे. नंतर तिच्या रक्तातूनही हळूहळू काढता येतं." मग ती म्हणाली, "गाळणी मागवायला वेळ लागतो. जितकं लवकर कळेल तितकं बरं."

रंगनाथराव परत फिरले आणि गाडीच्या शेडमध्ये जाऊन बसले. आयुष्यभर त्यांना एका गोष्टीचा राग आला होता. माणसं आगीची वर्दी वेळेवर देत नाहीत. घरात चूल भडकली तर लोक आधी दार लावून घेतात, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. स्वतःच बादल्या शोधत बसतात. लाज वाटते, कुणाची तरी चूक उघडी पडेल याची भीती वाटते. आणि मग केंद्राला फोन येतो तेव्हा विझवायला काही उरलेलं नसतं. अशा कितीतरी घरांच्या राखेत उभं राहून त्यांनी घरधन्याला झापलं होतं की आधी वर्दी द्यायची, लाज मग. आज त्यांना ती सगळी माणसं समजली. त्यांच्यातला एकही वाईट नव्हता. आपल्या माणसांवर जीव होता म्हणूनच त्यांनी दार लावून घेतलं होतं.

त्यांनी आपल्या माणसांना हाक मारली आणि फावडी काढायला सांगितली. खड्ड्याचं पहिलं ढेकूळ त्यांनीच उचललं. यास्मिनला म्हणाले, "लेखी काय लागतं ते आणा, सही करतो. आणि गावाच्या नळाचा व्हॉल्व्ह आत्ता बंद करतो. आमच्या अग्निशमनाच्या टाक्या भरलेल्या हायत, त्या मात्र नदीच्या पाण्याच्या. टँकर फिरवतो." सुरेखाबाई पुन्हा आल्या, भांडल्या, आणि मग पदर खोचून टँकरमागे रांग लावायला उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथराव बार्शीला निघाले. छायाबाईंनीही चप्पल घातली होती.

"तू न्हाई," ते म्हणाले. "तू आलीस तर मी तुझ्या मागं लपीन."

बार्शीत सोनवण्यांचं घर शाळेमागच्या बोळात होतं. दोन खोल्या, दारात कढीपत्त्याचं झाड. रंगनाथराव या दारात पहिल्यांदाच आले होते. दार विहीणबाईंनी, सुजाताबाईंनी उघडलं. त्या नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. क्षणभर त्या दारातच थबकल्या, मग बाजूला होत म्हणाल्या, "या ना, बसा. मिलिंद कामावर गेलाय." खुर्ची त्यांनी पदराने पुसली. पाणी मात्र आणलं नाही.

त्याला कारण होतं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा देवकत्यांकडचा रिवाज. रंगनाथरावांना हा रिवाज फार सोयीचा होता, कारण त्याच्या आड दुसरं कारण आरामात मावत होतं. लग्नानंतर मिलिंद समेटासाठी एकदा हिंगणखडीला येऊन गेला होता आणि बार्शीला या म्हणाला होता, तेव्हा त्यांनी हाच रिवाज पुढे केला होता. दुसरं कारण त्याला कळलं होतं आणि या घरातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून सुजाताबाईंनी पाण्याचं विचारून त्यांना अडचणीत टाकलं नाही, इतकंच.

प्रणिता आतून आली. जड झालेली, एक हात कमरेवर. तीन वर्षांत तिचा चेहरा भरला होता आणि थोडा छायाबाईंसारखा दिसू लागला होता. कोपऱ्यात तिची भरलेली बॅग होती, वर बाळाचं दुपटं घडी घालून ठेवलेलं.

"अण्णा, रविवारी मिलिंद सोडणार होता मला. तुम्ही कशाला आलात?" असं ती म्हणाली खरी, पण तिच्या बोलण्यात आनंद लपत नव्हता. बाप न्यायला आला, असंच तिला वाटलं होतं.

रंगनाथरावांनी वाटेत पुष्कळ जुळवाजुळव केली होती. त्यातलं काही आठवलं नाही. "घरी येऊ नकोस," ते म्हणाले.

प्रणिताचा हात कमरेवरून खाली आला. "तीन वर्षांपूर्वी फोनवर हेच म्हणाला होतात," ती सावकाश म्हणाली. "शब्दसुद्धा तेच. आज एवढ्या लांब येऊन सांगायची काय गरज होती?"

"बस आधी. वर्दी द्यायला आलोय."

हा शब्द ऐकून ती बसली. पटांगणाच्या कडेला लहानाची मोठी झालेली पोर ती, वर्दी म्हटल्यावर मधे बोलायचं नसतं हे तिला माहीत होतं. रंगनाथरावांनी सगळं सांगितलं. पिंपं का ठेवली, फेस का वापरला, खड्डा कसा खणला, लांबच्या गावांतली पहिली मुलं, पडद्यावरच्या रेघा. आवाज चढवला नाही आणि स्वतःला वगळलं नाही. शेवटी म्हणाले, "जार आणून ठेवायचे आणि तुला काही बोलायचं न्हाई, असंबी मनात आलं हुतं. तुझ्या आईच्या आन माझ्यापण."

सुजाताबाई आतल्या दाराशी उभ्या होत्या, त्यांनी नकळत पदर तोंडाशी धरला होता.

"म्हणजे ते माझ्यात आहे," प्रणिता म्हणाली.

"हाय."

"आणि याच्यात." तिने पोटावर हात ठेवला.

रंगनाथरावांचे डोळे भरून आले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जळत्या घरांतून ते पोरं काढत आले होते, आणि स्वतःच्या नातवाला त्यांनी विस्तवावर ठेवलं होतं. असं त्यांना वाटलं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

प्रणिता म्हणाली, "दहावीच्या सुट्टीत त्या खड्ड्याच्या मातीच्या पाट्या मीच टाकल्या होत्या. तुम्ही नको म्हणत होतात. आपल्या गावाला पाणी मिळणार म्हणून मला केवढा आनंद झाला होता." ती पुढे म्हणाली, "त्या डॉक्टरबाईंना इकडे पाठवा. रक्त देते मी. गाळणीचं मिलिंद आला की आम्ही ठरवतो."

"आणि बाळंतपण?"

"इथेच. आईला पाठवा, तिची खाट माझ्या खोलीत घालू." एवढं म्हणून तिने सासूकडे बघितलं.

"विहीणबाई आल्या तर मलाच धीर येईल," सुजाताबाई म्हणाल्या. "मला तान्हं उचलून तीस वर्षं झाली."

बोलण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं. बाहेर ऊन चढलं होतं. वैशाखातला दिवस, एसटीतली धूळ, आणि इतका वेळ एका दमात बोलणं. रंगनाथरावांच्या घशाला कोरड पडली होती. ते ओठांवरून जीभ फिरवताना प्रणिताने पाहिलं. तरी ती उठली नाही. विचारलं तर तोच रिवाज पुढे येईल, हे तिला ठाऊक होतं.

"पाणी दे गं बाळा," रंगनाथराव म्हणाले.

सुजाताबाई चटकन वळल्या, पण प्रणिताने हाताने थांबवलं आणि खुर्चीला धरून स्वतः उठली. आतून ती तांब्या आणि पेला घेऊन आली. पेला भरला आणि त्यांच्या पुढ्यात धरला, पण हातातून सोडला नाही.

"अण्णा, मूल व्हायचंय अजून," ती म्हणाली.

"माहीत हाय मला."

तिने पेला सोडला. रंगनाथरावांनी तो तोंडाला लावून एका दमात संपवला, थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. मग त्यांनी रिकामा पेला तसाच पुढे धरला, आणि प्रणिताने तो पुन्हा काठोकाठ भरला.